एका नावातले कण

लिफ्टचं दार बंद होता होता फोन वाजला आणि पलीकडून कुणीतरी विचारलं, "ताई, सरांचं नाव पुसायचं का?" पुढचं ऐकू येण्याआधी लिफ्ट खाली निघाली आणि आवाज तुटला. मी फोन कानालाच धरून उभी राहिले. शेजारी हिशेब विभागातले दोघे जण जेवणाच्या सुट्टीबद्दल बोलत होते, त्यांनी माझ्याकडे पाहून आपला आवाज कमी केला. बाबा गेल्यापासून माणसं माझ्याजवळ आवाज कमी करतात. हा प्रश्न मला गेल्या काही आठवड्यांत बऱ्याच खिडक्यांवर विचारला गेला होता. विजेच्या बिलावरचं नाव, बँकेतल्या खात्यावरचं नाव, वाचनालयाच्या कार्डावरचं नाव. कुठे ते 'कमी करायचं' असतं, कुठे 'वगळायचं', कुठे नुसतं 'काढायचं'. एका कारकुनाने फार सौजन्याने 'हे नाव आपण मोकळं करू' असं म्हटलं होतं आणि मी त्याचे आभार मानले होते. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे दुःखातसुद्धा कोण कुठला शब्द वापरतं याकडे लक्ष जातंच, त्याला इलाज नाही. पण 'पुसायचं' असं आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. पुसायचं, म्हणजे ते अजून कुठेतरी हाताने लिहिलेलं आहे. लिफ्ट तळाला पोचली, ते दोघे बाहेर पडले, आणि मी आत उभी राहून पुन्हा वर गेले.

फोन बाबांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मामांचा होता. मामा म्हणजे तिथले मदतनीस, काचसामान धुणारे, बाटल्या भरणारे. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं, प्राचार्यसुद्धा. मी परत फोन लावला तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या फळ्यावरचं हो. शेवटच्या तासाला लिहिलेलं. तुम्हाला कुणी बोललं नाही? तसंच आहे. कुणी हात लावला नाही. आता सोमवारी पांढरा बोर्ड लावायला माणसं येणार, त्याआधी भिंत मोकळी करा म्हणून वरून निरोप आला. दोनदा फडकं घेऊन गेलो, पण काही धजावलो नाही. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"मामा, थांबा. मी येते."

"या ना. घाई काही नाही." मग म्हणाले, "म्हणजे, आहे तशी."

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग? पुसून ये. आयुष्यभर त्यांच्या बाह्यांवरचा खडू मी झटकला, आता एकदा तू पूस." तिच्या मागे कुकर वाजत होता. मग ती म्हणाली, "कोणता धडा होता गं?" मी म्हटलं, माहीत नाही, नुसतं नाव आहे म्हणतात. "म्हणजे खडूचा," आई म्हणाली. "घरात धड एक वजनकाटा आणायचं कधी सुचलं नाही, आणि तिकडे पोरांची नावं तोलत बसायचं." आणि तिने फोन ठेवला. तिला रडायचं असलं की ती फोन ठेवते.

खडूचा धडा मला पाठ होता. पहिल्या वर्षाला शिकवणारे बाकीचे लोक एका मोलात किती कण असतात तो मोठा आकडा, सहा पॉइंट शून्य दोन दोन आणि पुढे दहाचा तेविसावा घात, फळ्यावर लिहून टाकतात आणि मुलं तो उतरवून घेतात. बाबांना ते चालायचं नाही. ते प्रत्येकाच्या हातात खडूचा तुकडा द्यायचे. तो नाजूक काट्यावर तोलायचा, मग त्याने फळ्यावर आपलं नाव लिहायचं, मग तुकडा पुन्हा तोलायचा. जेवढं वजन कमी भरलं तेवढं तुझं नाव. ते नाव आता ग्रॅममध्ये आहे. त्याचे मोल कर, मोलांचे कण कर. बाबा म्हणायचे, "घाबरता कशाला? एकक बदलणं म्हणजे एकाने गुणणं. हजार मिलिग्रॅम भागिले एक ग्रॅम, वर तेच, खाली तेच, झाला एक. एकाने गुणून आजपर्यंत कुणाचं काही बिघडलंय का?" मुलांनी त्यांचं नाव 'सहाशून्यदोन' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडत होतं. कधी घरी फोन आला आणि पलीकडून कुणी चाचरत "सर आहेत का" असं विचारलं, तर रिसीव्हर हाताने झाकून आई म्हणायची, "अहो सहाशून्यदोन, तुमचं गिऱ्हाईक."

एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला आणि दादाला प्रयोगशाळेत नेलं होतं. मी शाळेत होते, हे गणित कळण्याच्या वयाची नव्हते. दादाचं नाव माझ्या नावापेक्षा लांब, त्यामुळे ते जास्त भरलं, आणि मी रुसले. बाबा म्हणाले, "दाबून लिही, वाढेल." मी इतकं दाबून लिहिलं की खडू मोडला आणि अर्धा तुकडा चुरा होऊन खाली सांडला. दादा ओरडला की हे फसवणं आहे, सांडलेलं धरायचं नाही. बाबांनी जरा विचार केला, एखादा न्यायाधीश करील तसा, आणि निकाल दिला की काट्याला फक्त गेलेलं कळतं. फळ्यावर किती राहिलं आणि जमिनीवर किती पडलं ते काट्याला कळत नाही, तेव्हा सांडलेलंही नावातच. त्या दिवशी माझं नाव घरात सर्वांत जड होतं. मग कणांचं गणित करताना गुणायच्या जागी मी भागलं, आणि उत्तर आलं ते शून्य पॉइंट पुढे शून्यं, शून्यं, शून्यं आणि कुठेतरी लांब एक पाच. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अर्धासुद्धा कण नाही हिच्यात," ते दादाला म्हणाले. "म्हणजे ही अजून आलेलीच नाही. आपण दोघंच आहोत इथे. चल, दिवे बंद करून जाऊ." आणि खरोखर दिवे बंद करून दोघे दारापर्यंत गेले. मी अंधारात स्टुलावर बसून हसत होते. त्या अंधाराला गॅसचा आणि ओल्या लाकडाचा वास होता.

तोच वास आता दार उघडताच आला. प्रयोगशाळा रिकामी होती. लांबलचक काळी टेबलं, त्यांच्या मधोमध नळ आणि पांढरी सिंकं, टेबलाखाली सरकवलेली स्टुलं. मावळतीच्या बाजूने येणाऱ्या उन्हात बाटल्यांच्या खांद्यांवर एकेक ठिपका चमकत होता. बाजूच्या भिंतीवरचा फळा आकृत्यांनी भरलेला होता. पुढचा मोठा फळा जवळजवळ रिकामा होता आणि त्याच्या डाव्या बाजूला, माझ्या डोक्याच्या जरा वर, बाबांचं नाव होतं. तीन अक्षरं, एक काना, एक वेलांटी. आडनाव ते लिहीत नसत. आडनावात खडू फुकट जातो म्हणायचे. नावाखाली कॅल्शियम कार्बोनेटचं सूत्र होतं आणि त्यासमोर शंभर, म्हणजे त्याच्या एका मोलाचं वजन ग्रॅममध्ये. त्याखाली लिहिलं होतं, 'आधी: ३.४१२ ग्रॅम'. त्याखाली, 'नंतर:'. आणि दोन टिंबांपुढे काही नाही.

त्यांच्या सह्या मी गेल्या आठवड्यांत किती ठिकाणी पाहिल्या होत्या. त्या सगळ्या सपाट होत्या. हे अक्षर सपाट नव्हतं. जवळ गेल्यावर दिसलं की वेलांटी सुरू होते तिथे खडू टेकलाय आणि भुकटीचा एक बारीक उंचवटा तयार झालाय. वळणावर हात हलका झालाय आणि मधूनमधून खालचा काळा दिसतोय. अक्षराला जाडी होती. मी श्वास रोखून धरला होता, हे मला छातीत दुखायला लागल्यावर कळलं.

"मी पुसलं नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "बाजूच्या भिंतीवर शिकवते. पोरांच्या माना दुखतात, तक्रार गेलीय माझी."

त्या बाबांच्या जागेवर आलेल्या नवीन मॅडम होत्या. वयाने लहान, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या कोटाच्या बाह्या मोठ्या म्हणून दुमडलेल्या. त्यांच्यामागे मामा होते. मामांनी नमस्कार केला आणि मला काट्याच्या खोलीत नेलं. तिथे खिडकीच्या कठड्यावर एक बीकर उपडा घातलेला होता आणि त्याखाली काचेच्या छोट्या बशीत खडूचा तुकडा. "तास संपला ना तेवढ्यात," मामा म्हणाले. "सर म्हणाले, हा कुणी उचलू नका, उद्या तोलायचाय. म्हणून झाकून ठेवला." त्या उद्याच्या पहाटे बाबा झोपेतच गेले होते. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"तोलू या?" नवीन मॅडमनी विचारलं. "मी एवढे दिवस तोलला नाही. म्हटलं, तो माझा नाही."

त्यांनी चिमट्याने तुकडा उचलला आणि काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला. आकडे थरथरायला लागले. मी वाकून पाहत होते. त्या हळूच म्हणाल्या, "जरा मागे व्हाल? तुमचा श्वास लागतोय त्याला." त्यांनी पेटीचं दार लावलं. आकडे वर गेले, खाली आले, पुन्हा वर, एखादा माणूस अंथरुणात नीट कुशी शोधतो तसे, आणि थांबले. तीन पॉइंट तीन आठ दोन. मॅडम म्हणाल्या, "हवेतला ओलावा थोडाफार धरला असेल, पण आपण हेच घेऊ." मी मनातल्या मनात वजाबाकी केली. तीस मिलिग्रॅम. दाबून न लिहिता, हलक्या हाताने, बाबांचं नाव तीस मिलिग्रॅम भरलं होतं.

मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल, रडू येईल. तसं काही झालं नाही. मला फक्त पुढचं करायचं होतं. मी मॅडमकडून पेन्सिल मागितली आणि टेबलाशी स्टूल ओढून बसले. मिलिग्रॅमचे ग्रॅम करायला हजाराने भागायचं. ग्रॅमचे मोल करायला शंभराने भागायचं. मग तो मोठा आकडा, आणि तिथे माझा हात शाळेतल्यासारखाच भागाकाराकडे वळला आणि मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. मी खोडलं. गुणलं. एक पॉइंट आठ, आणि पुढे दहाचा विसावा घात.

वीस शून्यं असलेला आकडा मी मुद्रितांमध्ये तपासला असेल, पण त्याच्यासमोर कधी बसले नव्हते. आजीने पाठ करून घेतलेल्या संख्या मला येतात; लहानपणी बाबा घातांनी मोजायचे आणि मी शब्दांनी, कोण आधी थकतं ते पाहायला. लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. कोणी रचली असेल ही ओळ, ठाऊक नाही, पण अंत्य म्हणून झाल्यावर मध्य येतो याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. शेवट ओलांडला की माणूस मध्यावर. परार्धाला सतरा शून्यं, आणि तिथे आजीचे शब्द संपतात. बाबांचं नाव त्याच्याही पुढे होतं, तब्बल अठराशे परार्ध. मॅडमनी शेजारी बसून एक छोटं गणित करून दाखवलं. पृथ्वीवरची सगळी माणसं, तान्ही मुलं आणि आजारी माणसंसुद्धा धरून, मोजायला बसवली आणि प्रत्येकाने न झोपता, न जेवता सेकंदाला एक कण मोजला, तर हे नाव मोजून व्हायला सातशे वर्षं लागतील. मी उठून पुन्हा फळ्यासमोर गेले. माझ्या पंज्यात मावेल एवढं ते नाव. त्याच्या कान्यातच किती पिढ्या मोजत मोजत म्हाताऱ्या झाल्या असत्या. भेटायला येणाऱ्यांनी बाबांचं वय विचारून आपापली बेरीज-वजाबाकी केली होती, 'तसं भरपूर जगले' किंवा 'अजून दहा वर्षं हवी होती', आणि मी प्रत्येकाला मान डोलावली होती, कारण मलाही त्यांना मापायला दुसरं एकक सुचत नव्हतं. आता या भिंतीपुढे मला एकदम फार लहान आणि फार सुरक्षित वाटलं, रात्री गच्चीवर आकाशाखाली पडल्यावर वाटायचं तसं. एवढं मोठं काही एका माणसाने तास संपता संपता, घाईत, लिहून ठेवलं होतं.

मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी कोटाची दुमड उलगडली, पुन्हा घातली. "एक सांगू? राग नका मानू."

"बोला ना."

"हा खडू कॅल्शियम कार्बोनेटचा नाहीये. कपाटातल्या खोक्यावर स्पष्ट छापलंय, जिप्सम. हल्ली बहुतेक खडू त्याचेच असतात. जिप्समचा आकडा शंभर नाही, एकशे बहात्तर. सरांनी शंभर धरलंय. मुलांनीही तेच धरलं, सगळ्यांचं तसंच आहे. मी मुलांना सांगितलं नाही. कसं सांगणार? येऊन महिना नाही झाला, आणि पहिली गोष्ट काय, तर तुमचे सर चुकले."

मी फळ्यावरच्या शंभरकडे पाहिलं. ते बाबांचं शंभर होतं, दोन्ही शून्यं एकमेकांना टेकलेली. छापून गेलेली चूक काय असते ते मला माहीत आहे. ती कुणाला दिसत नाही तोवर ती चूक नसते, आणि एकदा दिसली की त्या पुस्तकात दुसरं काही दिसत नाही. इतक्या वर्षांची मुलं, आता कुणी औषधाच्या कारखान्यात, कुणी स्वतः शिकवणारी, कधीतरी खडूच्या खोक्यावरची अक्षरं वाचतील आणि हसतील. सहाशून्यदोनला खडू कशाचा असतो हे माहीत नव्हतं. माझ्या मनात आलं ते फार सोपं होतं. फडकं मामांच्या खांद्यावर होतं. मी पुसायलाच तर आले होते. नाव गेलं की शंभरही जाईल, सोमवारी वर पांढरा बोर्ड लागेल, आणि मॅडम सभ्य आहेत, त्या कुणाला बोलणार नाहीत. मी हात पुढे केला. "मामा, फडकं द्या."

मामांनी खांद्यावरून फडकं काढलं, पण दिलं नाही. ते मॅडमकडे पाहून म्हणाले, "मग आम्ल काढू का?"

"आम्ल कशाला?"

"पुसायच्या आधी लागतं ना. दुसऱ्या तासाला सर मागायचे. पातळ आम्ल, ड्रॉपर आणि संगमरवराचा एक तुकडा. दरवर्षी." मग ते माझ्याकडे वळले. "आपल्या नावावर टाकायचे थेंब. मग पोरांना विचारायचे, काय झालं? पोरं म्हणायची, काही नाही झालं. मग सर म्हणायचे, नीट बघा. पुन्हा तेच. मग कुणीतरी एखादं बोलायचं काहीतरी, आणि सर खूश. म्हणायचे, उघडा वह्या, कालचं सगळं चूक. पोरं मनातल्या मनात लाखोली वाहायची, मी दाराशी उभा असायचो ना, तोंडं दिसायची. मग सर स्वतःच पुसायचे ते नाव."

"स्वतः?" मी विचारलं.

"हो. फडकंसुद्धा मला पिळू द्यायचे नाहीत."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्या हसत होत्या, की तसंच काहीतरी. मला हसता येईना. कार्बोनेट असतं तर आम्लाने फेस येतो एवढं मलाही ठाऊक होतं, घरात ते ऐकतच वाढले होते. म्हणजे धडा दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी ते चूक आकडा द्यायचे, ठामपणे, फळ्यावर, आणि घरी येऊन शांत झोपायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना त्या चुकीपर्यंत मुलांना चालवत न्यायचं असायचं. यंदा तो दुसरा दिवस आलाच नाही. इतके दिवस मी जे जपायला धावत आले होते आणि दोन मिनिटांपूर्वी लपवायला निघाले होते, ते त्यांनी अर्ध्यावर ठेवलेलं काम होतं.

"माझा तास आहे आता," मॅडम म्हणाल्या. बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती. "याच वर्गाचा. तुम्ही टाकाल थेंब?"

मुलं आत आली, स्टुलं ओढली गेली, दप्तरं पडली, आणि मग मला फळ्याशी उभी पाहून आवाज एकेक करून बंद झाले. मॅडमनी मी कोण ते सांगितलं. आईच्या वयाच्या बाईचं सांत्वन कसं करायचं हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना माहीत नसतं. ती सगळी नुसती ताठ बसली. मामांनी ड्रॉपर भरून दिला. मी कान्याच्या वरच्या टोकाला एक थेंब सोडला.

थेंब टेकला, फुगला, अक्षरात शिरला. तिथलं पांढरं जरा काळवंडलं. मग तो कान्यावरून खाली ओघळला आणि शंभराच्या पहिल्या शून्यापाशी थांबला. मी कान देऊन ऐकत होते. वर्गही ऐकत होता. काही झालं नाही.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," दोन-तीन आवाज.

"नीट बघा."

"काहीच नाही, मॅडम."

मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "आम्ल जुनं असेल, मामांच्या लग्नातलं." हशा पिकला आणि लगेच विरला, कारण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते. मॅडमनी टेबलावरच्या संगमरवराच्या तुकड्यावर त्याच बाटलीतला थेंब टाकला आणि तो चुरचुरत फेसाळला. पहिल्या टेबलाशी बसलेली एक मुलगी फेसाकडे पाहत होती, मग फळ्याकडे, मग पुन्हा फेसाकडे. "हे कार्बोनेट आहे," ती सावकाश म्हणाली. "मग ते नाहीये."

"मग सरांनी लिहिलंय ते..." शेजारचा मुलगा बोलता बोलता थांबला.

"चूक आहे," मी म्हटलं. हे तोंडून निघताना मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. "सर तुम्हाला हे दुसऱ्या दिवशी विचारणार होते. तो दिवस आज आहे."

मॅडमनी एकशे बहात्तर लिहिलं आणि वर्ग कामाला लागला. कुरकूर, पानांचा आवाज, 'हजाराने भाग की गुण' असं कुजबुजणं. मीही माझा कागद काढला आणि या वेळी कुणाला बोट ठेवावं लागलं नाही. एक पॉइंट शून्य पाच, दहाचा विसावा घात. सातशे वर्षांची चारशे झाली होती. तीनशे वर्षं एका थेंबाने नेली, आणि फळ्यावरचं अक्षर तेच, तेवढंच होतं, त्यातलं काही कुठे गेलेलं नव्हतं. बदललं होतं ते फक्त आम्हाला त्याच्याविषयी जे वाटत होतं ते. या विचाराने मला भीती वाटायला हवी होती. पण मला त्या अक्षरांचा नव्याने आदर वाटला, जसा घरातल्याच माणसाचं बाहेरचं काही काम पहिल्यांदा पाहिल्यावर वाटतो.

मग मी फडकं मागितलं आणि मामांनी ते दिलं. त्यांनी ते ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलं होतं, सर भिजवायचे तसं. मी आधी वेलांटी पुसली, मग उरलेलं, घाई न करता. ओल्या काळ्यावर क्षणभर अक्षरांची सावली राहिली आणि वाळत गेली. फडकं मी बीकरमध्ये पिळलं, पुन्हा भिजवून पुन्हा पिळलं, पाणी अडीचशेच्या रेषेपर्यंत येईतो. पाणी दुधट झालं. मॅडमनी काचेच्या कांडीने ढवळलं आणि ढवळत राहिल्या. "खरा खडू असता तर तळाशी बसला असता," त्या मुलांना म्हणाल्या. "जिप्सम थोडं थोडं विरघळतं. आणि हे थोडंच आहे." दुधटपणा पातळ होत गेला, कडेने निवळत आला, आणि मग कधी गेला ते कळलं नाही. बीकरमधून मला पलीकडची खिडकी आणि खिडकीतलं झाड दिसायला लागलं.

"सर सिंकमध्ये ओतायचे," मामा म्हणाले.

मॅडमनी ड्रॉपरने त्यातला एक थेंब वर उचलून धरला. "या एका थेंबात सरांच्या नावातले किती? एका मिलिलिटरचे वीस थेंब धरा." पेन्सिली पुन्हा चालू झाल्या. मिलिलिटरचे थेंब, थेंबांचे वाटे, वाट्यांचे कण. कुणाचे ओठ हलत होते, कुणी बोटांवर शून्यं मोजत होतं. मी बीकर उचलला. तो माझ्या हाताला जरा गार लागला, पाण्याएवढाच जड. मी सिंकाशी गेले, नळ सोडला आणि बीकर कलता केला.

"ताई, थांबा ना," पहिल्या टेबलाशी बसलेली ती मुलगी मान वर न करता म्हणाली. "आमचं मोजून व्हायचंय."

मी बीकर सरळ केला, आणि त्यांचं होईतो तो हातात धरून उभी राहिले.